तीन सीलं

आंबोलीच्या धुक्यात बाबल मिस्त्रीचं गॅरेज ढगात तरंगल्यासारखं दिसे. तिथे एकदा घारपुरे साहेब आपली लांबच्या दौऱ्यांची मोटारसायकल घेऊन आले. पुढच्या शॉकअपमधून तेल गळत होतं.

“तेल अडवायचं रबरी सील तीनदा बदललं, तिन्ही कुचकामी! माणसंही तसलीच. तीन दौरे, तीन सोबती, सगळे अर्ध्या वाटेतून पळाले. आता तू काय दिवे लावणार?”

बाबलने शॉकअप खोलला. डोळे मिटून तो सीलातून वरखाली सरकणाऱ्या चकचकीत नळीवरून नख फिरवत राहिला, जणू लांबचा ओढा ऐकतोय. एका जागी बारीक खरचट्यात नख अडकलं.

“साहेब, सीलं तिन्ही चांगली होती. नळीच टोचते, मग जवळ कोण टिकेल?”

साहेबांनी स्वतः नळीवरून बोट फिरवून पाहिलं. पॉलिश पेपर उचलत बाबल हळूच म्हणाला, “नळीपुरता इलाज आहे माझ्याकडे.”