मधाची थप्पी

“दीक्षा कधी, अक्का?”

सिद्धरामनं हे विचारलं तेव्हा अक्का थप्पीला पाठ टेकून बसल्या होत्या. की त्याच्या प्रश्नानंतर बसल्या? मला नक्की आठवत नाही. त्या आपल्या आपण बसल्या, की कुणी बसवलं, तेही नाही.

बाकीचं आठवतं, असं मला वाटतं. पण मी जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं आहे, आणि ‘मला वाटतं’ या शब्दांवर किती भार टाकता येतो हे मला ठाऊक आहे. म्हणून जेवढं पाहिलं तेवढंच लिहितो.

केवणीचा मठ घाटमाथ्यावर होता. पावसाळ्यात तिथे भिंतींनाही घाम यायचा. मठाच्या मधपेट्या होत्या. उन्हाळ्यात काढलेला मध काचेच्या बाटल्यांत भरायचा, बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत, आणि खोकी पावसाळाभर सभामंडपात रचून ठेवायची. दसऱ्याआधी टेम्पो येऊन माल खाली गडहिंग्लजला न्यायचा. येईल त्याला जेवू घालायचं, हे मठाचं व्रत त्या मधावर चालायचं.

अक्का मठाच्या प्रमुख. सत्तरी ओलांडलेल्या, शब्दाला काटकसरी. मी झोप येत नाही म्हणून त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी मला त्यावर काही सांगितलं नव्हतं. राहा म्हणाल्या होत्या, इतकंच.

सिद्धराम हत्तरकी मोठ्या कंपनीची गोदामं सांभाळायचा. माल रचावा कसा, बांधावा कसा, न्यावा कसा, हे तो इतरांना शिकवायचा. नोकरी सोडून तो मठात आला आणि दीक्षेची वाट बघत राहिला.

दीक्षा म्हणजे तिथे फार काही नव्हतं. गुरूनं शिष्याच्या डोक्यावर हात ठेवायचा. बस्स. पण तो हात पडेपर्यंत शिष्यानं गुरूच्या अंगाला बोटही लावायचं नाही, लांबूनच जमिनीवर डोकं टेकायचं, हा मठाचा कडक नियम. माझ्यासारख्या पाहुण्यालाही तोच.

“किती घाई गा तुला,” अक्का म्हणाल्या. “मध खाली जाऊ दे की आधी.”

“आज जाईल. टेम्पो घाट चढतोय.”

“थप्पी बरी हाय न्हवं?”

सिद्धराम हसला. “थप्पी नाही ती, अक्का. भिंत आहे.”

खरंच भिंत होती. गवंडी विटा लावतो तशी सांधेमोड करून लावलेली. वरचं प्रत्येक खोकं खालच्या दोघांवर अर्धं अर्धं. कुठे एक फट सरळ खाली येत नव्हती. गाभाऱ्यात जाणारा प्रत्येक माणूस तिच्यासमोर थांबायचा, आणि सिद्धराम जवळपास असला तर थांबणं जरा लांबायचं.

“मी अशी टेकून बसले तर चालतंय?”

“झोपा की खुशाल.”

अक्कांनी डोळे मिटले.

आता मी काय पाहिलं ते सांगतो. अक्कांच्या उजव्या खांद्यामागे, अगदी तळाच्या ओळीत, एका खोक्याचं पोट सुटलं होतं.

कुठेही गेलो तरी आधी काय पडेल ते मला दिसतं. पंखा, सज्जा, जिन्यावरचं मूल. त्यामुळे मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. सिद्धरामकडे पाहिलं.

तो त्याच खोक्याकडे बघत होता.

वर थप्पी माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेली. सगळी काच आणि मध. खाली अक्का.

“अक्का…” त्याचा आवाज बदलला होता. “तिकडे उजेड बरा आहे. तिकडे बसता?”

“हितं पाठीला बरं वाटतंय.”

“फरशी ओली आहे.”

“हितलीच तेवढी कोरडी हाय.”

“चहा झाला असेल. सोप्यात जाऊ या?”

“गौरव्वा आणंल की हितं.”

गौरव्वा ही अक्कांची भाची, त्यांच्यासोबत राहणारी. ती मघाशी म्हशीकडे गेली होती. म्हणजे गोठ्यात, ओढ्यापलीकडे.

सिद्धराम उठला. दारामागची फळी घेऊन आला आणि चोरपावलांनी ती त्या फुगलेल्या खोक्याला लावू लागला.

अक्कांनी डोळे उघडले नाहीत. “काय करतोस गा?”

“काही नाही… असंच.”

“भिंतीला टेकू?”

त्यानं फळी खाली ठेवली.

कुठेतरी आत एक बाटली दुसरीला घासली. बारीक आवाज झाला. घरी असतो तर मी तो ऐकलाच नाही असं स्वतःला पटवलं असतं.

“सिद्धराम,” अक्का म्हणाल्या, “खोक्याचा जोर कशात असतो?”

“कोपऱ्यांत.” परीक्षेत उत्तर द्यावं तसं तो बोलला. “चार उभ्या कडा भार घेतात. मधला पुठ्ठा काही घेत नाही.”

“आणि तुझ्या वरच्या खोक्यांचे कोपरे कुठं आलेत?”

त्यानं थप्पीकडे पाहिलं.

“कुठं आलेत?”

“खालच्यांच्या मधोमध.”

“तुला हे ठावं न्हवतं?”

“होतं.”

“मग?”

“कोपऱ्यावर कोपरा लावला की फटी वरपासून खालपर्यंत सरळ दिसतात, अक्का. नुसते खांब उभे केल्यासारखे. प्रत्येक खांब वेगळा, धक्का लागला की डुलणारा. असं लावलं की सगळी एकमेकांना धरून राहतात.” तो थांबला. “आणि… बरं दिसतं.”

“धरून राहतात, खरं हाय.” अक्का जरा सरकून बसल्या. त्यांच्या पाठीबरोबर तळाची ओळ सरकली. “चार महिनं असल्या हवेत?”

“हवेनं पुठ्ठा मऊ पडतो. कंपनीची गोदामं कोरडी होती.”

“तितं थप्पीखाली कोण बसायचं?”

“कुणी नाही. मनाई असते.”

“का?”

सिद्धरामच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि तो पुसत नव्हता.

पडणार नाही, असं तो पावसाळाभर म्हणाला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला, मला, आचाऱ्याला. मघाशी अक्कांना. आता उलट बोलायचं म्हणजे दीक्षा आणखी एक पावसाळा पुढे, किंवा कायमचीच गेली. निदान त्याला तसं वाटत असावं. मी काही त्याच्या मनात शिरलो नव्हतो.

पुठ्ठा पुन्हा कुरकुरला.

“पडेल,” सिद्धराम म्हणाला.

“कोण म्हणतंय?”

“मी म्हणतोय. मीच लावली, मीच म्हणतोय. पडेल ती. उठा, अक्का.”

अक्का उठल्या नाहीत.

“उठा ना!”

…

“अहो, कळलं मला! चुकलं माझं. तुम्हाला जे शिकवायचं होतं ते शिकलो मी. आता तरी उठा!”

त्यांनी डोळे उघडले. त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, त्या काहीतरी म्हणणार. पण नाही.

“उतरव,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही खाली असताना?”

“लावलीस तवा मी खाली न्हवते. आता हाय.”

मी पुढे झालो. काय करणार होतो कोण जाणे.

“मास्तर, तुम्ही ऱ्हावा तितंच. तुमचं हात कापतात.”

खरं होतं.

सिद्धरामनं स्टूल आणलं. ते थप्पीला लागू नये म्हणून वीतभर दूर ठेवलं, आणि वर चढून पहिलं खोकं दोन्ही तळव्यांत धरलं.

सांधेमोड केलेल्या थप्पीचं दुखणं तेव्हा मला कळलं. एक हललं की शेजारचं हलतं. ज्या पकडीचा त्याला अभिमान होता, ती आता सोडता सोडेना. तो एक खोकं केसभर उचलायचा, थांबायचा, ऐकायचा. मग छातीशी धरून, पाळण्यातलं पोर काढावं तसं, खाली आणायचा. पुन्हा वर.

अक्का त्याच्याकडे बघतही नव्हत्या.

मधेच एका खोक्याचा तळ सुटला. ओलीनं डिंक गेला होता. त्यानं गुडघा घालून खोकं सावरलं, पण एक बाटली निसटली. ती अक्कांच्या पावलाजवळ फुटली.

अक्का दचकल्या नाहीत. मीच ओरडलो.

मध फरशीवर सावकाश पसरत त्यांच्या लुगड्याच्या काठापर्यंत आला. त्यांनी काठ तेवढा बोटानं वर उचलला.

“वाया चाललाय,” त्या म्हणाल्या. “मुंग्यांस्नी सांगा कुणीतरी.”

कुणी हसलं नाही.

वरच्या ओळी गेल्या. मग मधल्या. शेवटी तळाची ओळ राहिली आणि अक्कांच्या खांद्यामागचं ते खोकं. सिद्धरामनं त्याला हात लावला, आणि भिजलेल्या भाकरीसारखा पुठ्ठा त्याच्या बोटांत आला. आतल्या बाटल्या एकमेकींना टेकून कशाबशा उभ्या होत्या. इतका वेळ वरचा भार त्यांनीच काचेवर घेतला होता.

तो ते पाहत राहिला. मग अक्कांच्या समोर, फुटक्या काचेच्या अलीकडे, गुडघ्यांवर बसला. त्याचा सदरा पाण्यातून काढल्यासारखा झाला होता.

“मला दीक्षा नको, अक्का.”

अक्कांनी आता त्याच्याकडे पाहिलं.

“म्हणजे… हवी आहे. त्यासाठीच सगळं सोडून आलो. पण माझ्या थप्पीखाली माणूस बसला होता आणि मी त्याला फरशी ओली आहे म्हणून सांगत होतो. मला नका देऊ.”

सभामंडपात धुकं आलं होतं. बाहेर घाटात कुठेतरी टेम्पोचा हॉर्न वाजला.

अक्कांनी उजवा हात पुढे केला.

सिद्धरामनं त्या हाताकडे पाहिलं. धरण्याची मुभा नव्हती. क्षणभर तो नुसता बघत राहिला. मग गुडघ्यांवरच पुढे सरकला, काचेवरून, आणि त्यानं त्या हाताखाली आपलं डोकं नेलं.

हात तसाच हवेत राहिला. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही. माझ्या आठवणीत तो फार वेळ आहे.

मग तो खाली आला आणि डोक्यावर टेकला.

सिद्धराम रडत होता. मीही, बहुतेक.

“जा,” अक्का म्हणाल्या. “टेम्पो आला.”

“कशी लावू, अक्का?”

“तुला ठावं हाय.”

नवी कोरडी खोकी आणून त्यानं ओलसर खोक्यांतला माल बदलला, आणि टेम्पोत थप्पी लावली. कोपऱ्यावर कोपरा, उघड्या फटी वरपासून खालपर्यंत सरळ, बघायला ओबडधोबड. फक्त सर्वांत वरचा एक थर त्यानं आडवा टाकला, वळणावर खांब डुलू नयेत म्हणून. वरून दोर आवळला, पण दोराखाली, खोक्यांच्या कडांवर, आधी पुठ्ठ्याच्या घड्या ठेवल्या. टेम्पोवाला म्हणाला, “सायेब, कुठं शिकलासा?” सिद्धराम दोराची गाठ तपासत राहिला.

मी त्याच टेम्पोतून खाली गेलो. निघताना सभामंडपात डोकावलं. अक्का तिथेच बसल्या होत्या. पाठीमागे आता काही नव्हतं, समोर मध. मी लांबूनच डोकं टेकलं. त्यांनी हात केला. मला वाटलं, आशीर्वाद.

ही गोष्ट मी पुढे पुष्कळांना सांगितली. गुरू कसा निश्चल असतो, मृत्यू डोक्यावर असताना कसा हलत नाही, हे सांगायला. पण सांगताना प्रत्येक वेळी सुरुवातीलाच अडखळायचो. त्या बसल्या कशा? तेवढाच एक धागा हाती लागत नव्हता.

अक्का गेल्या. त्यांच्या जागी सिद्धराम आला. आणखी बऱ्याच वर्षांनी गडहिंग्लजच्या बाजारात मला गौरव्वा भेटली. केस पांढरे, तोंडात पान. तिच्या घराच्या पायरीवर बसून मी तिला तेवढंच विचारलं.

“मीच बसिवलं की,” गौरव्वा म्हणाली. “तिला पाठ टेकायला कायतरी पायजे हुतं. त्या साली शिमग्यात पडली न्हवं का ती. तवापासनं खाली बसली की आपल्या आपण उठायला येत न्हवतं तिला. काखंत हात घालून मीच उठवायची.”

मी तिचं बोलणं तसंच मानलं नाही. ज्या डॉक्टरांनी तेव्हा अक्कांना तपासलं होतं ते गावातच होते, त्यांच्याकडे जाऊन विचारलं. कमरेचं हाड नीट बसलंच नव्हतं. खरं होतं.

परत गौरव्वाच्या पायरीवर आलो.

“मग त्यांनी सांगितलं का नाही? आम्ही दोघं होतो तिथे. हाक मारायची, कुणाला तरी पाठवायचं…”

“मी बी तेच म्हणाले. उठवता उठवता भांडलेच तिच्याशी. तितं मराय बसली हुतीस व्हय, म्हटलं.”

“काय म्हणाल्या?”

गौरव्वानं पान थुंकलं. तोंड पुसलं.

“म्हणाली, ‘मी उठायला हात पुढं केला, गौरव्वा. त्यानं डोकं दिलं. आता ते परत कसं करायचं?’”