अंतोबा आणि काठावरचा पंखा

वस्तूंना बोलता येई आणि रुसताही येई, त्या काळची गोष्ट. जळगावात विमलकाकूंच्या घरी काचेच्या टाकीत अंतोबा नावाचा वयस्कर सोनेरी मासा आपल्या कुटुंबकबिल्यासह राहत होता. वैशाखात टाकीतलं पाणी तापलं, तेव्हा काकूंनी झाकण काढून काठावर छोटा पंखा बसवला. पाणी गार झालं आणि मासे खूश झाले.

पण अंतोबाला दिसलं, की पाणी रोज थोडं खाली जातंय. "हा आपलं पाणी चोरून पितोय," तो म्हणाला.

"पीत नाही, अंतोबा," पंखा म्हणाला. "माझ्या वाऱ्याने थोडं पाणी वाफ होऊन उडतं, म्हणून तर उरलेलं गार राहतं. काकू वरून भर घालतातच की."

"चोरीचं समर्थन नको."

पंख्याला ते फार लागलं आणि तो थांबला. काकूंनी पुन्हा पुन्हा बटण दाबलं, पण तो हलला नाही.

दुपारी सगळे मासे वर येऊन धापा टाकू लागले. "बघा," अंतोबा कसाबसा म्हणाला, "थेंबभरही पाणी कमी झालं नाही."

"ते बघायला आपण उरायला हवं ना," त्याची बायको रखमा म्हणाली. "जा, माफी मागा."

नातवंडं मलूल झालेली पाहून अंतोबा मुकाट्याने काठाशी गेला. "पंखेराव, चुकलं माझं," तो अगदी हळू म्हणाला. पंखा लगेच फिरू लागला.

संध्याकाळी टवटवीत झालेल्या नातवंडांनी विचारलं, "आबा, पंखा कसा सुरू झाला?"

"मी त्याला चांगला दम दिला," अंतोबा म्हणाला.

पंख्याने ते ऐकलं, आणि तो फिरतच राहिला.