नैवेद्याआधीचं ताट

"नैवेद्य अजून दाखवला नाही, मग हे झाकलेलं ताट कुणाचं?"

स्वयंपाकघरात डोकावून अण्णाबुवांनी सहज विचारलं. हेमंत चौबळ मात्र पटकन ताटासमोर येऊन उभे राहिले.

"गाईचं," ते बोलून गेले.

आता टोरांटोच्या उपनगरात, एवढ्या बर्फात, कुठली आलीय गाय! पण माणूस घाबरला की तोंडाला येईल ते बोलतो, आणि चौबळ सकाळपासून घाबरलेलेच होते. बाहेर हॉलमध्ये मराठी मंडळाची माणसं बुवांचं कीर्तन ऐकून जेवायला थांबलेली. बुवांनी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावायचा नाही, ही चौबळांच्याच घरची पद्धत. बुवा त्यांचे गुरू. साताऱ्याहून आले की उतरायचे ते मंडळाच्या अध्यक्षांकडेच, म्हणजे चौबळांकडे. त्याचा तोरा केवढा!

तेवढ्यात खाली बेसमेंटमध्ये कुणीतरी खोकलं.

"गाईला सर्दी झालीय," बुवा म्हणाले.

ओट्याशी उभ्या असलेल्या चौबळांच्या पत्नीला, मृदुलाबाईंना, रडू आवरेना. त्यांनीच सांगून टाकलं. मुलगा, ओजस, खाली आहे. आधी दारू, मग गोळ्या, मग एके दिवशी जिवाचं बरंवाईट करायला निघाला होता. कालच व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय. लोकांना सांगितलंय, नोकरीसाठी व्हँकुव्हरला असतो. पाहुणे जाईपर्यंत वर यायचं नाही, असं बापाने बजावलंय.

चौबळांनी आधी हॉलचं दार लावून घेतलं, मग हात जोडले. बाहेर कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, मुलीचं लग्न ठरतंय, काहीतरी जप सांगा, अंगारा द्या… पण जरा हळू बोला.

बुवांनी मध्येच विचारलं.

"मागल्या वर्षी तुझं बायपास झालं. तेव्हा लपवलं होतंस?"

"ते कशाला लपवायचं, बुवा? मीच सगळ्यांना कळवलं. घरोघरून इतके डबे आले, की फ्रिजमध्ये जागा उरली नाही."

एवढ्या भीतीतही चौबळांच्या आवाजात थोडा अभिमान आलाच.

बुवांनी झाकलेलं ताट उचललं आणि कठडा धरून बेसमेंटचा जिना उतरायला लागले. गुडघे दुखत होते, म्हणून सावकाश.

खालच्या दारावर त्यांनी टकटक केली.

"ओजस, मी तुझ्याबरोबर जेवू का?"

आतून आवाज आला.

"मी व्हँकुव्हरला आहे, बुवा."

वर मृदुलाबाईंनी तोंडात पदर कोंबला.

"मी साताऱ्याहून आलोय. उघड."

कडी निघाली. दार किलकिलं झालं.

"वर सगळ्यांना बाबांनी सांगितलं तर चालेल का रे, तू इथे आहेस म्हणून?"



"सांगू दे," ओजस म्हणाला. "मला इथे एकट्याला फार भीती वाटते."

हॉलमधून हाक आली, पानं मांडलीयत, बुवांना घेऊन या. चौबळ जिन्याच्या वरच्या पायरीवर घामाघूम होऊन उभे होते.

"बुवा, लोक विचारतील… मी काय सांगू?"

बुवा दारातून आत वाकले होते. त्यांनी मान वळवली.

"बायपासच्या वेळी सांगितलंस तसंच सांग. आणि फ्रिज रिकामा करून ठेव."