श्वासाच्या खुणा

नादाच्या आधी जो असतो आणि नाद विरल्यावरही जो उरतो, त्या श्रीविठ्ठलाच्या चरणी मस्तक ठेवून, आणि ज्यांनी आम्हांला बोलण्याआधी ऐकावयास शिकविले त्या संतजनांना वंदन करून, आज सागरापलीकडची एक कथा निवेदन करतो. भगवंताला कोणतीही भूमी परकी नाही. श्रोत्यांनीही ती परकी मानू नये.

एकदा एक तरुण शिष्य आपल्या दिवंगत गुरूचे वाद्य घेऊन गुरूच्या एका वृद्ध सहवादकाकडे आला. हे घडले इंग्लंडच्या उत्तरेकडील एका जुन्या गिरणगावात. गुरूचे नाव नॉर्मन. तो निवर्तल्याला तेव्हा चार महिने झाले होते, आणि येत्या रविवारी दुपारी चर्चच्या सभागृहात त्याच्या चाहत्यांनी स्मरणसभा योजिली होती. त्या सभेत गुरूच्या जागी बसून वाजविण्याचा मान शिष्याला मिळाला होता.

नॉर्मनचे वाद्य म्हणजे पेडल स्टील गिटार. नाव गिटारचे असले तरी हे वाद्य कुणी छातीशी धरीत नाही. ते चार पायांवर मेजासारखे उभे असते, त्यावर तारा आडव्या ताणलेल्या असतात, आणि वादक पुढे बसून पूजेला बसल्यासारखा त्यावर वाकतो. उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी. पायांखाली पायट्या आणि गुडघ्यांशी दांडे. त्यांनी तारा ताणाव्या, सैल कराव्या. हात, पाय, गुडघे सारेच सेवेला लागतात, तेव्हा कोठे एक स्वर दुसऱ्या स्वराकडे सरकतो. आपण ज्याला मींड म्हणतो, तीच या वाद्याची मातृभाषा आहे.

ही भाषा नॉर्मन चाळीस वर्षे बोलला. त्या देशातील कितीतरी गायकांच्या ध्वनिमुद्रिकांत त्याचे स्वर आहेत. नाव मात्र वेष्टनाच्या मागील बाजूस, मुंगीएवढ्या अक्षरांत. तो पुढे येऊन कधी उभा राहिला नाही. श्रोते घरी जाताना म्हणत, गायक आज किती सुरेख गायला! आणि गायक नॉर्मनचा हात हातात घेऊन उभा राही. वादकमंडळींत आजही त्याचे नाव निघाले की आवाज आपोआप खाली येतो.

वृद्ध सहवादक नॉर्मनबरोबर खर्जाचे गिटार वाजवीत असे, आणि रविवारची तालीमही तोच घेणार होता. आपल्या कामाविषयी तो विनोदाने सांगे की, माझे वाद्य मध्येच बंद पडले तर लोकांना वाटते, सभागृहाचा पंखा बंद झाला.

स्मरणसभेत एक गीत व्हायचेच होते. नदीकाठच्या एका गावाचे ते संथ, पाच कडव्यांचे गीत नॉर्मनने एका गायिकेबरोबर तीस वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रित केले होते, आणि अखेरपर्यंत दोघे ते सभांतून सादर करीत आले होते. बाईंनी आता पंचाहत्तरी ओलांडली होती. ते गीत त्यांनी गाईले नाही, तर ती स्मरणसभा म्हणजे मूर्तीवाचून मखर.

शिष्य तीन वर्षे दर गुरुवारी नॉर्मनच्या घरी शिकला होता. रंगमंचावर गुरूच्या शेजारी मात्र तो कधी बसला नव्हता. गुरू गेल्यावर त्याने ती जुनी ध्वनिमुद्रिका शेकडो वेळा ऐकली आणि गुरूची प्रत्येक सुरावट हुबेहूब हातात बसविली. रविवारी लोकांनी डोळे मिटावे आणि साक्षात नॉर्मन येऊन बसला आहे असे त्यांना वाटावे, हा त्याचा संकल्प होता. भक्ती खरी होती, हे आधी सांगून ठेवतो.

शनिवारी दुपारी त्याच सभागृहात तालीम झाली. पहिले कडवे ठीक गेले. दुसऱ्या कडव्यात बाई ओळीच्या मध्येच क्षणभर थांबल्या. शिष्याची सुरावट मुद्रिकेप्रमाणे ओळीच्या शेवटी आली, नेमकी त्यांनी पुढची ओळ उचलली तेव्हा. दोन माणसे एकाच अरुंद दारातून आत शिरू पाहतात, तसे झाले. तिसऱ्या कडव्यात पुन्हा तेच. चौथ्यात बाईंना शब्दच आठवेना. त्यांनी हात वर करून सर्वांना थांबविले.

"तुझी मुद्रिका फार छान वाजते, बाळ," त्या शिष्याला म्हणाल्या. "मला घरी ऐकायला दे. पण गाताना मला शेजारी माणूस लागतो."

शिष्याचा चेहरा लाल झाला. आपण एक स्वरही चुकलो नाही, असे तो अदबीने परंतु ठामपणे म्हणाला, आणि ते खरेच होते. बाईंनी वाद घातला नाही. त्या वृद्धाकडे वळल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "याचं चुकलं नाही रे. माझंच संपलं. नॉर्मन गेला तो माझा आवाज बरोबर घेऊन गेला. उद्या दुसरं कुणी गाऊ दे. मी पहिल्या रांगेत बसेन."

वृद्धाने हातातला चहा शांतपणे संपविला. मग तो उठला, शिष्याच्या वाद्यापाशी गेला, वाद्याला ध्वनिवर्धकाशी जोडणारी वायर ओढून काढली, तिची नीट गुंडाळी केली आणि आपल्या कोटाच्या खिशात घातली.

"तू बैस तिथंच," तो शिष्याला म्हणाला. "सगळं वाजव. फक्त वायर मिळणार नाही." आणि बाईंना म्हणाला, "या मुलानं हे गाणं अजून ऐकलेलं नाही. त्याच्यासाठी एकदा म्हण. उद्याचं नंतर पाहू."

शिष्याला हा अपमान वाटला. ज्याने ते गीत शेकडो वेळा ऐकले, त्याला म्हणायचे की तू ऐकलेले नाहीस! तरी वृद्धाचा मान राखून तो जागेवर बसला. बाईही जुन्या मित्राचा शब्द मोडू शकल्या नाहीत. त्या गाऊ लागल्या.

वायर नसली की त्या वाद्याचा आवाज डासाच्या गुणगुणीएवढा. पहिले कडवे संपेपर्यंत शिष्य हट्टाने आपल्या सुरावटी वाजवीत राहिला. पण स्वतःचे काहीच ऐकू येईना, तेव्हा ऐकावयास बाईंवाचून दुसरे उरले नाही. आणि दुसऱ्या कडव्यात, तिसऱ्या शब्दानंतर, त्याला एक बारीक आवाज ऐकू आला. धापेचा. मुद्रिकेत त्या जागी धाप नव्हती. तीन शब्दांनी पुन्हा एक. त्याने तारांवरचा हात उचलला. त्या पोकळीत कोणीच नव्हते. बाई एकट्या थांबत, दम गोळा करीत, आणि पुढे जात. असे करीत त्यांनी पाचही कडवी पुरी केली. गीत जागोजागी उसवले होते. बाई उठल्या आणि कप विसळावयास आतल्या स्वयंपाकघरात गेल्या.

शिष्याची मान खाली होती. वृद्धाने आपल्या पिशवीतून एक जुना कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. त्या कागदावर तेच गीत नॉर्मनच्या अक्षरांत होते, आणि शब्दांच्या मधे मधे पेन्सिलीच्या खुणा. कित्येक खुणा खोडलेल्या, त्यांच्या अलीकडे नव्या केलेल्या, त्याही खोडलेल्या; कागद तेथे झिजून पातळ झाला होता.

"तू त्याचे सूर पाठ केलेस," वृद्ध म्हणाला. "तो सूर पाठ करत नसे, बाळ. तो तिचा श्वास पाठ करत असे. या खुणा बघ. तीस वर्षांपूर्वी ती एक ओळ एका दमात म्हणायची, म्हणून खूण ओळीच्या शेवटी. पुढं ती मधे आली. गेल्या वर्षी दर चार शब्दांवर. तालमीत पहिल्या फेरीला तो वायर जोडायचाच नाही. आम्ही चेष्टा करायचो, की नॉर्मन वीज वाचवतो आहे. तिचा दम जिथं सरायचा, तिथं तिच्याच शब्दातून त्याचा सूर निघायचा, गाणं तेवढा वेळ उचलून धरायचा, आणि ती परत आली की बाजूला व्हायचा. लोक म्हणायचे, बाईंचा आवाज अजून तसाच आहे. त्याला तेवढंच हवं होतं. तू त्याच्या हाताची नक्कल आणलीस. त्याचा कान आण. आणि हे तिला कळता कामा नये."

बाई परत आल्या तेव्हा शिष्य उभा राहिला. "बाई, मी नीट ऐकलं नव्हतं," तो म्हणाला. "आणखी एकदा म्हणाल का? मी फक्त ऐकतो."

त्याने वायर मागितली नाही. बाई गात होत्या आणि तो कागदावर नव्या खुणा करीत होता. गेल्या वर्षीच्या खुणाही आता पुरत नव्हत्या. गीत संपल्यावर वृद्धाने आपण होऊन वायर त्याच्या हातात दिली. मग चौथी फेरी झाली. शिष्याने शिकलेल्या सुरावटींपैकी फार थोड्या वाजविल्या. पाचवे कडवे संपले, तेव्हा बाईंनी आपला कोट उचलला. तो चढविताना त्यांनी एवढेच विचारले, "उद्या किती वाजता यायचं?"

रविवारी सभागृह भरले. बाई गाईल्या. जेथे त्यांचा शब्द थकला, तेथून एक स्वर हलकेच निघाला, त्याने गीत पुढे नेले आणि पुन्हा त्यांच्या ओठांशी आणून ठेवले. कोठे शब्द संपला आणि कोठे तार सुरू झाली, हे कोणाला सांगता आले नसते. सभा संपल्यावर नॉर्मनचा एक जुना चाहता शिष्याला गाठून कुरकुरला, की तिसऱ्या कडव्यानंतरची ती प्रसिद्ध सुरावट तू गाळलीस. शिष्याने त्याची क्षमा मागितली. तिकडे बाईंभोवती माणसे जमली होती, आणि एक वयस्कर स्त्री त्यांचे दोन्ही हात धरून सांगत होती, "तुमचा आवाज अजून तसाच आहे हो."

ते शिष्याने ऐकले. वृद्धानेही ऐकले. तो शिष्याजवळ आला आणि म्हणाला, "आता झाली नॉर्मनची आठवण."

निघताना बाई वाद्यापाशी थांबल्या. "काल पहिल्या फेरीला याला काय झालं होतं रे? बिघडलं होतं का?"

"वाद्य ठीक होतं, बाई," शिष्य म्हणाला, आणि कांडी पुसून पेटीत ठेवू लागला.

श्रोतेहो, कीर्तनात बुवांचा दम सरतो तेव्हा मागे उभे असलेले झीलकरी ध्रुपद उचलतात. त्यांना कोणी हार घालीत नाही. पण त्यांच्यावाचून कीर्तन सिद्धीस जात नाही. थोरांचे स्मरण करावयाचे, तर त्यांनी कोणाचा श्वास सांभाळला ते पाहावे आणि तो आपण सांभाळावा.

पांडुरंग करो, आणि आपणां प्रत्येकाच्या घरी थकलेल्याचा शब्द अर्ध्यावर पडू न देणारे कोणीतरी सदैव असो. आपल्या मुलाबाळांचे कान जागे राहोत, वृद्धांचा श्वास सुखाचा होवो, आणि ज्याने ही कथा ऐकली त्याच्या उंबऱ्याआत नाम आणि नाद अखंड नांदोत.