सहा वर्षांपूर्वीचा ठसा

त्या प्रदेशातली माणसे आठवणी डोक्यात ठेवत नसत, भिंतीवर ठेवत. गावाच्या मधोमध तीनशे पावले लांबीची मातीची भिंत होती. तिच्यावर कौलांचे छप्पर होते आणि प्रत्येक घराची जागा ठरलेली होती. कोण कोणाचा, कोणाचा धंदा कोणता, कोण कधी जन्मले आणि कोण कधी वारले, हे सगळे तिथे ओल्या मातीत कोरलेले असे. ओळ वाळली की ती गोष्ट सगळ्यांच्या मनात येऊन बसे. ओळ पडली की गोष्टही जाई. कोरण्याचा अधिकार एकट्या मोरजीचा होता. तो भिंतीचा राखणदार होता, आणि त्याच्या आधी त्याचा बाप होता.

सहा वर्षांपूर्वी धुरपदा नावाच्या कुंभारणीने एका उन्हाळ्यात अख्ख्या भिंतीचा ठसा घेतला होता. ओल्या मातीची फरशी भिंतीवर दाबायची, अलगद सोडवायची, मागे आकडा घालायचा आणि भाजायची. अशा चारशे बारा फरश्या झाल्या. त्या तिने गवतात गुंडाळून टेकडीवरच्या कोरड्या गुहेत रचल्या. गावाचा कारभार पाहणाऱ्या नाइकांनी तेव्हा तिला लुगडे दिले आणि दर वर्षी नवा ठसा घ्यायचा असे ठरवले. पुढच्या वर्षी सरपण कमी पडले. त्याच्या पुढच्या वर्षी नाइकांकडे लग्न होते. नंतर कोणी विषय काढला नाही. धुरपदानेही काढला नाही. तिचे गुडघे दुखू लागले होते आणि टेकडीची चढण उभी होती.

नाइकांनी आपल्या केळीच्या बागेसाठी भिंतीमागून पाट काढला, त्यालाही तीन वर्षे झाली होती. भिंतीच्या पायथ्याशी पांढरी बुरशी दिसू लागली, तेव्हा मोरजीने ती फडक्याने पुसली. ती पुन्हा आली. त्याने पुन्हा पुसली.

मग एके दिवशी सकाळी, बाजार भरलेला असताना, पूर्वेकडचा दहा पावलांचा थर खाली बसला. आवाज फार झाला नाही, पोते जमिनीवर टेकवावे एवढाच. पण बाजारात लोखंडाच्या दुकानासमोर घण उचललेला माणूस तसाच थांबला. त्याने घणाकडे पाहिले, मग समोरच्या तापलेल्या लोखंडाकडे, आणि शेजारच्या बाईला हळूच विचारले, "हे मी कशासाठी धरलंय?" बाईला त्याचे नाव आठवेना. ती त्याची बहीण होती.

त्या दिवसापासून गावाला भीतीने धरले. माणसे कामे टाकून आपापल्या घराच्या जागेसमोर उभी राहू लागली. कोणी मातीला हात लावून पाही आणि हात ओला लागला की मुकाट्याने लुगड्याला पुसे. काहींनी स्वतःच कोरायला घेतले. एकाने पडलेल्या जागी आपण नाइकांचे जावई असल्याचे लिहिले. ते वाळले, आणि दुसऱ्या दिवशी नाइकांच्या मुलीने त्याला पाट मांडून जेवायला वाढले. तिचा खरा नवरा अंगणात उभा राहून पाहत होता. आपण तिथे का उभे आहोत, हे त्याला सांगता येत नव्हते. शिवाय जिथे जिथे कोरणी लागली, तिथली आजूबाजूची माती आणखी सुटली. त्यातच त्या जावयाची ओळही पडली आणि त्याचे खोटे उघडे पडले.

धुरपदा काठी टेकत आली. तिने हात वर केला आणि एवढेच सांगितले, "भिंतीला कोणी बोट लावू नका. दुरुस्तीलासुद्धा नाही. आपण जितकं शिवू, तितकी ती मरेल."

गुहा उघडायला सगळे गाव टेकडी चढले. सहा वर्षांत तिथे कोणी गेले नव्हते. गवत कुजले होते. पहिली फरशी बाहेर काढली तेव्हा तिच्यावरची अक्षरे कोणालाच लागेनात. सगळी उलटी, एकात एक अडकलेली. मागे कोणीतरी दबक्या आवाजात रडू लागले. ठसा घेतला तेव्हा तो परत उमटवून पाहावा, असे धुरपदालाही सुचलेच नव्हते. तिने ओल्या मातीचा गोळा मागवला, थापून सपाट केला आणि फरशी त्यावर दाबली. उचलली तेव्हा खाली सरळ अक्षरांत लोहाराचे नाव होते, आणि त्याच्या बहिणीचे.

तिथेच टेकडीवर सभा झाली. नाईक म्हणाले, "उद्या जुनी भिंत खरवडून टाका. नवी माती लावा, ठसा उमटवा. काम संपलं."

घोळक्यातून बयजा पुढे आली. ती विणकरीण होती, नवरा परमुलखात असे, आणि कमरेशी तिची पोर रेऊ पदर धरून उभी होती.

"ठसा सहा वर्षांचा आहे नाईक," ती म्हणाली. "माझी रेऊ पाच वर्षांची आहे."

 एकेकजण मनातल्या मनात आपल्या घरातली माणसे मोजू लागला.

"खरवडाच," मागून हरबाजी सुताराचा आवाज आला. त्याची बायको लाडाई दोन वर्षांपूर्वी तापाने गेली होती. "ठशात माझी लाडाई आहे. मला बाकीचं काही नको."

"ती परत येणार नाही हरबाभाऊ. नुसतं तुम्हाला वाटेल की आहे."

"मला तेवढं पुरे."

बयजाला त्याचा राग आला नाही. त्याचे डोळे पाहून तिला भीतीच वाटली, कारण असे डोळे त्या घोळक्यात आणखी बरेच होते.

शेवटी धुरपदा म्हणाली, "जुनीला हात लावायचा नाही. समोर दुसरी भिंत उभी करू. ठसा तिच्यावर उमटवू. शेवटी वीस पावलं कोरी ठेवू, ओल्या फडक्याखाली. जुनीवर जेवढं शिल्लक असेल, त्यातलं या सहा वर्षांचं मोरजी तिथे उतरवील." नाइकांना ते लांबण लावल्यासारखे वाटले. पण त्यांचा नातूही चार वर्षांचा होता. त्यांनी मान हलवली.

नऊ दिवस गाव माती तुडवत होते. पाट बुजवला, तरी भिंतीत मुरलेली ओल वर चढतच राहिली. रोज कुठेतरी थर बसे, आणि माती तुडवणाऱ्यांपैकी एखादा मध्येच थांबून आपल्या चिखलाच्या पायांकडे पाहत राही. त्याला बाजूला सावलीत बसवत. सावलीतली गर्दी वाढत गेली. पाचव्या दिवशी हरबाजी त्या सावलीत जाऊन बसला. त्याला लाडाईचे जगणे आणि मरणे दोन्ही आठवत नव्हते, आणि आपल्या डोळ्यांतून पाणी का येते, हे तो शेजाऱ्यांना विचारत होता.

रेऊची ओळ गुडघ्याएवढ्या उंचीवर होती. ओल तिच्याखाली चार बोटांवर आली होती. बयजा मोरजीकडे गेली.

"आधी माझी एकच ओळ उतरवा. पाच शब्द आहेत."

मोरजीने खाली पाहिले. "नाइकांनी क्रम लावून दिलाय. आधी त्यांचं घराणं, मग पंच, मग पूर्वेकडून. तुझं घर पश्चिमेला आहे."

"मग मला कोरू द्या."

"त्या जावयाचं पाहिलंस ना. आता कोणीही कोरायचं नाही."

बयजा भिंतीसमोर बसून राहिली. दिवसभर ती ती ओळ वाचत होती. शब्द पाठ झाले तरी वाचत होती, कारण पाठ केलेले टिकत नाही हे तिला ठाऊक होते. रेऊ तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपे, उठे, पुन्हा झोपे.

नवव्या दिवशी उन्हात नवी भिंत वाळली. चारशे बारा फरश्यांवरचे गाव तिच्यावर उभे राहिले आणि सावलीतली माणसे एकेक करून उठली. लोहाराने बहिणीला नावाने हाक मारली. नाइकांचा खरा जावई अंगणातून घरात गेला. लोक रडत होते, हसत होते. हरबाजी मात्र घाईघाईने घरी गेला आणि थोड्या वेळाने परत आला.

"लाडाई कुठे दिसली का?" तो ज्याला त्याला विचारू लागला. कोणाला काही आठवत नव्हते. तिच्या मरणाची ओळ पडली होती. "नदीवर गेली असेल," एकजण म्हणाला. हरबाजी नदीवर जाऊन आला.

त्याच दुपारी, मोरजी पंचांच्या घरांपर्यंत पोहोचला असताना, पश्चिमेकडचा खालचा थर बसला.

भिंतीसमोर बसलेली बयजा उठली. आपण इतका वेळ इथे का बसलो, हे तिला समजेना. तिने अंगावरची धूळ झटकली आणि घराकडे निघाली, तर कोणीतरी पदर धरला. एक मुलगी होती, पाचेक वर्षांची, केस विंचरलेले.

"कुणाची गं तू?" बयजाने विचारले. "हरवलीस का?"

"तुझी," मुलगी म्हणाली.

बयजाने आजूबाजूला पाहिले. एवढ्या गोंधळात कोणाचे पोर कोणालाही चिकटत असेल. तिने हळूच पदर सोडवला. मुलीने तो पुन्हा धरला, आता दोन्ही हातांनी. ती रडत नव्हती. तिचे ओठ मात्र पांढरे पडले होते.

तेवढ्यात हरबाजी तिथे आला. मोठ्यांना विचारून झाले होते म्हणून त्याने मुलीला विचारले, "बाळ, तू तरी पाहिलीस का लाडाईकाकूला?"

"ती मेली," मुलगी म्हणाली.

हरबाजीचा चेहरा लाल झाला. "असं बोलू नये."

"तू आमच्या ओट्यावर बसला होतास. तुझ्या एकाच पायात वहाण होती. आईनं तुला ताक दिलं, ते तू प्यायला नाहीस. मग मी प्याले."

हरबाजी खाली बसला.  मग म्हणाला, "दुसरी वहाण कुठे होती?"

"नदीवर राहिली. काकू जळत होती तिथे."

धुरपदा जवळच फडकी भिजवत होती. तिने ते ऐकले आणि तिचा हात थांबला. त्या प्रदेशात सातव्या वर्षी पोराचा तळवा भिंतीला टेकवत, आणि तिथून पुढे त्याची आठवण भिंतीवर राही. त्याआधी पोरे ती कुठे ठेवतात, हे आजवर कोणी विचारलेच नव्हते.

ती मुलीजवळ आली. "तुझं नाव काय?"

"रेऊ."

"आईचं?"

"बयजा. ही."

धुरपदाने कोऱ्या भिंतीवरचे फडके वर केले, अगदी खालच्या कडेला, जिथे मोरजीचा क्रम पोहोचायला अजून कितीतरी दिवस होते. कमरेची कोरणी काढून तिने बयजापुढे धरली.

"कोणीही कोरायचं नाही असं नाइकांनी सांगितलंय," बयजा म्हणाली.

"मी पाहते नाइकांचं."

"पण मला ही पोर ओळखीची नाही हो आत्या. खोटं लिहिलं तर? त्या जावयासारखं?"

 धुरपदालाही रेऊ आठवत नव्हती. मघाशी हरबाजीला जे ऐकवले गेले, तेवढेच तिच्या हाती होते. हरबाजी तोंडाला पंचा लावून बसला होता. त्याने मान वर केली.

"माझ्या बाबतीत ती खोटं बोललेली नाही," तो म्हणाला. "वहाण खरंच एकच आहे घरात. घरी गेलो तेव्हापासून दुसरी शोधतोय."

बयजा गुडघ्यांवर बसली. ओल्या मातीत कोरणी टेकवून तिने विचारले, "सांग. काय लिहू?"

आईकडून दिवसभर ऐकलेली ओळ रेऊने सांगितली. बयजाने पाच शब्द कोरले. तिची अक्षरे मोरजीसारखी सुबक नव्हती. शेजारची जागा धुरपदाने हरबाजीला लाडाईचे मरण लिहायला उघडी ठेवली. त्याने कोरणी घेतली, परत दिली, आणि पुन्हा मागून घेतली.

मग वाळण्याची वाट पाहणे आले. ऊन तिरपे झाले होते. बातमी पसरली तशी माणसे आपली लहान पोरे कडेवर घेऊन येऊ लागली आणि कोऱ्या भिंतीपाशी दबक्या आवाजात त्यांना विचारू लागली, आपण या सहा वर्षांत कोण होतो. पोरे आपल्याला आठवेल ते सांगत होती.

बयजा ओळीसमोर बसली होती. परक्याच्या पोराचा धरावा तसा, बोटांच्या टोकांनी, जपून, तिने रेऊचा हात धरला होता. गडद ओल्या मातीचा रंग कडेकडून फिका होत अक्षरांकडे सरकत होता. पहिला शब्द फिका झाला, मग दुसरा.  तिसऱ्या शब्दानंतर रंग अडला. तिथे माती जाड होती.

बयजाची बोटे रेऊच्या मनगटावर घट्ट मिटली. ओळीतले दोन शब्द अजून ओले होते.