मुक्या खिंडीची ठकूआई

डांगाणातल्या, म्हणजे सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यातल्या, आजच्या म्हाताऱ्यांनी ही गोष्ट त्यांच्या म्हाताऱ्यांकडून ऐकली, आणि त्यांनी त्यांच्या. इतकी ती जुनी.

साकुरवाडीत ठकूआई नावाची बाई होती. तिला मूलबाळ नव्हतं. होता तो कवड्या, वाडीचा वळू. त्याची आई वाघानं नेली तेव्हा तो इवलासा होता. ठकूआईनं नागलीची पेज पाजून त्याला वाढवला. "ये रे बाळा" अशी तिची हाक कानी पडली, की तो असेल तिथून धावत यायचा. एकदा तर आडव्या आलेल्या वाघाला शिंगावर घेऊन आला, असं म्हणतात.

वळू इतका देखणा, की वाडीनं बाकीचे सगळे खोंड खच्ची करून नांगराला जुंपले. गाई फळवायला एकटा कवड्या. त्याची पहिली वासरं बघत राहावीत अशी निपजली. पुढं त्यातल्या कालवडी माजावर आल्या, आणि त्यांनाही कवड्याच लागला. तिथून सगळं फिरलं. गाई उलटू लागल्या, पुन्हा पुन्हा माजावर येऊ लागल्या. कुणी गाभ टाकला. जी वासरं झाली ती आंधळी, नाहीतर लटपटत्या पायांची. वाडीनं कोंबडी कापली, नारळ फोडले. काही उपयोग झाला नाही. असंच चाललं तर उद्या नांगराला बैल कुठून येणार?

त्याच दिवसांत ठकूआई एका सोयरिकीला गेली होती. दोन्हीकडचं देवक एकच निघालं, म्हणजे नवरानवरी भाऊबहीणच, आणि जुळलेलं लग्न मोडलं. ती तिथून उठली ती थेट पाटलाच्या ओट्यावर आली.

"पाटील, माणसांचं देवक बघता, गाईंचं कुणी बघायचं? बाप आणि लेकी एकाच गोठ्यात नांदवतोय आपण."

"मग काय करावं म्हणतेस, ठकूवहिनी?"

"डोंगरापलीकडच्या उंबरदऱ्याचा वळू आणावा. आपला त्यांना द्यावा."

"उंबरदऱ्याचं आपण पाणीसुद्धा पीत नाही!"

"पाणी कोण पाजतंय? जावई आणू म्हणते मी."

पाटील हसला. मग हळूच म्हणाला, "आणि कवड्यावाचून तू राहशील?"

ठकूआई उठून गोठ्याकडे गेली.

सकाळी तिनं कवड्याला मुंडावळ्या बांधल्या. गड्यांनी दावं ओढलं, तर तो जागचा हलेना. शेवटी तीच पुढं झाली. "ये रे बाळा." तो निघाला. डोंगर चढेपर्यंत ती हाक घालत राहिली. असं म्हणतात, खिंडीत बसलेले दोन वाघ ती हाक ऐकून वाटेतून उठले.

उंबरदऱ्याची माणसं काठ्या घेऊन उभी होती. मुंडावळ्या बघून आधी पोरं हसली, मग बाया. एक म्हातारी पुढं आली. "अगं बाई, नवरदेवाचे दात तरी बघू दे!" त्यांच्याही कालवडी रिकाम्याच होत्या. काठ्या खाली आल्या. त्यांनी आपला वळू खैऱ्या दिला.

ठकूआई परत फिरली. आपला आवाज ऐकला तर कवड्या दावं तोडून येईल, हे तिला ठाऊक होतं. मागून तो हंबरला. तिनं पदर दातात धरला. खिंडीत ठेच लागून अंगठा फुटला, तरी तोंडातून हुं निघालं नाही. असं म्हणतात, तिच्यासाठी पाखरं गप्प झाली आणि ओढा आवाज न करता वाहू लागला. त्या वळणावर तो आजही ऐकू येत नाही.

गोठ्यापाशी आल्यावर खैऱ्या बावरून उभा राहिला. ठकूआईनं डोळे पुसले आणि त्याला हाक घातली, "ये रे बाळा."

पुढच्या वर्षी दोन्ही गावांत वासरं हुंदडली.

आजही वळूच्या लेकी माजावर यायच्या आत ही दोन गावं वळू बदलतात. मुंडावळ्या बांधून, हाका घालत नेतात. परतताना खिंडीत कुणी बोलत नाही, ठेच लागली तरी नाही. गोठा आला की गावातली सगळ्यात म्हातारी बाई नव्या जावयाला हाक घालते, "ये रे बाळा." त्याच वेळी डोंगरापलीकडे दुसरी म्हातारी त्यांच्या बाळाला तीच हाक घालत असते.