पंखेवाल्याची नदी

एका संस्थानात एक महाराज होते. जेवणानंतर झोपणे, एवढा एकच राज्यकारभार ते मन लावून करीत. त्यांच्या डोक्यावर छताला कापडी पंखा टांगलेला असे. त्याची दोरी बाहेर ओसरीत बसून येसबा ओढी.

दोरी हातात आली की येसबाचे डोळे अर्धवट मिटत आणि त्याला एक नदी दिसे. संथ, हिरवट पाण्याची. तो नावेत बसलेला असे आणि दोरीचे वल्हे होई. पलीकडचा काठ धुक्यात असे. तिथे पोचायची घाई नसे. वल्ह्याच्या चालीने पंखा हले, पंख्याच्या चालीने महाराज घोरत. पगार महिन्याला मिळे. येसबाला त्याची आठवणही महिन्यातून एकदाच येई.

मग नवे दिवाणजी आले. ते हुशार होते, त्यामुळे सुरळीत चाललेले काम त्यांना बघवेना.

"डुलक्या घेत पंखा ओढतोस काय रे? उद्यापासून पगार बंद. एका हेलकाव्याला एक कवडी. ओढशील तितकं कमावशील!"

"पण सरकार, वारा महाराजांना लागेल तेवढाच..."

"जास्त वाऱ्यानं कुणी मेलंय का?"

दुसऱ्या दिवशी येसबा हेलकावे मोजू लागला. मोजताना नदी दिसेना. पंखा असा फडफडला की महाराजांची शाल उडाली आणि महाराज शिंकत उठून बसले.

दिवाणजींनी नियम सुधारला. "आता कवडी घोरण्यावर. महाराज घोरतील तितकी तुझी कमाई."

येसबा दाराला कान लावून बसला. घोरणे जरा थांबले की तो काळजीने आत डोकावे. "महाराज, झोप लागली ना?" या प्रश्नाने महाराज हमखास जागे होत.

आठवडाभराने तांबारलेल्या डोळ्यांनी महाराजांनी विचारले, "दिवाणजी, पूर्वी आम्हाला झोप यायची, ती कुठल्या खात्यातून?"

दिवाणजींनी जुना पगार पुन्हा सुरू केला.

येसबाने दोरी धरली, डोळे मिटले. नदी आली. नावही आली. पण आता पाण्याच्या तळाशी कवड्या चमकत होत्या. येसबाने वल्हे सोडले आणि तो वाकून त्या वेचू लागला.

पंखा थांबला. आत महाराज छताकडे बघत पडून राहिले.

तात्पर्य: मन लावून चाललेल्या कामाला मोजून दाम लावले, की काम मोजण्यापुरते उरते आणि मन निघून जाते. पुढे नियम बदलला तरी ते परत येईलच असे नाही.